एकच ध्वनिमुद्रिका, चार मांडण्या

एकटा वक्ता बोलत असतो तेव्हां त्याचा आवाज एकाच स्पीकरमधून आला तरी श्रोत्याचें कांहीं उणें होत नाहीं. परंतु अनेक वाद्यें एकदम वाजूं लागलीं म्हणजे कोणता स्वर कोणीकडून येतो हें जाणण्याची ओढ कानाला लागते. ही ओढ यंत्रानें किती पुरवावी, आणि ती पुरवितांना पूर्वींच पूर्णत्वास गेलेल्या कलाकृतीला कितपत हात लावावा, हा प्रश्न वरवर यांत्रिक भासला तरी वस्तुतः रसिकतेचा आहे. एका सुप्रसिद्ध उदाहरणाच्या आधारें आज त्याचा विचार करूं.

इंग्लंडमधील 'पिंक फ्लॉइड' ह्या वादकसंघाची 'द डार्क साइड ऑफ द मून' ही ध्वनिमुद्रिका लंडन येथील अ‍ॅबी रोडवरील स्टुडिओंत तयार होऊन मार्च १९७३ मध्यें प्रसिद्ध झाली. तिच्या मुद्रणासाठीं वापरलेल्या चुंबकीय फितीवर सोळा समांतर मार्ग होते. गळा, गिटार, ढोल इत्यादिकांचे ध्वनि ह्या मार्गांवर निरनिराळे टिपून ठेवतां येत. त्यांपैकीं कोणता मोठा व कोणता लहान, कोणता डावीकडे व कोणता उजवीकडे, हें ठरवून सर्वांचा मेळ बसविणें ह्यालाच मिश्रण म्हणतात. नाटकाची संहिता एकच असली तरी पात्रांना रंगभूमीवर कोठें उभें करावयाचें हें जसें दिग्दर्शक ठरवितो, तसेंच हें काम आहे. मूळच्या स्टीरिओ मिश्रणांत ही रंगभूमि श्रोत्यांच्या समोर, दोन स्पीकरांच्या दरम्यान, पसरलेली होती.

त्याच वर्षीं ह्या ध्वनिमुद्रिकेचे ध्वनियोजक अ‍ॅलन पार्सन्स यांनीं दोन स्पीकर पुढें व दोन मागें अशा चौमुखी रचनेसाठीं दुसरें मिश्रण सिद्ध केलें. 'मनी' ह्या गीताच्या आरंभीं नाण्यांचा खुळखुळाट, कागद फाडल्याचा आवाज, दुकानांतील गल्ल्याच्या यंत्राची घंटा असे सात ध्वनि तालांत येतात. फितीचे तुकडे मोजून कापून व पुन्हां जोडून तो ताल साधला होता. चौमुखी मांडणींत हे ध्वनि एकेका कोपऱ्यांतून निघून जणूं खोलीभर फेरी घालूं लागले. 'टाइम' ह्या गीतापूर्वींचा घड्याळांचा गजर तर पार्सन्स यांनीं मुळांतच चौमुखी ध्वनीच्या प्रात्यक्षिकासाठीं टिपलेला होता. तेव्हां तो आपल्या हक्काच्या घरींच परतला असें म्हणावें लागेल.

परंतु तबकडीच्या खांचेंत दोनच प्रवाह मावत. चार प्रवाह दोहोंत गुंफून घरीं यंत्रानें पुन्हां सोडवावे लागत, आणि ते पुरते सुटत नसत; एका कोपऱ्यांतला ध्वनि दुसऱ्यांत पाझरे. शिवाय निरनिराळ्या उत्पादकांच्या पद्धति परस्परांशीं जुळत नव्हत्या. त्यामुळें हा थाट थोड्याच वर्षांत मागें पडला. पार्सन्स यांचें मिश्रण २०११ सालीं सुट्या चार प्रवाहांसह पुन्हां प्रसिद्ध झालें, आणि तेव्हां त्याचें खरें स्वरूप अनेकांना प्रथमच ऐकूं आलें.

तत्पूर्वीं २००३ सालीं, प्रकाशनाच्या तिसाव्या वर्षानिमित्त, जेम्स गथ्री यांनीं तिसरें मिश्रण केलें होतें. त्यांत पुढें तीन, मागें दोन आणि खर्जाच्या ध्वनीसाठीं एक असे सहा स्पीकर असतात. 'ऑन द रन' ह्या वाद्यखंडांत गथ्री हे मूळ मिश्रणाशीं जरा अधिकच एकनिष्ठ राहिले, असा आक्षेप पार्सन्स यांनीं घेतला. हा आक्षेप मोठा मार्मिक आहे. मूळ ध्वनियोजकालाच अधिक धाडस हवें होतें, आणि मागाहून आलेल्यानें मात्र संयम राखला! निष्ठा कशाशीं ठेवावयाची? लोकांच्या कानांत मुरलेल्या ठेवणीशीं, कीं त्या ठेवणीमागील हेतूशीं? दोघांचीही बाजू खोटी नाहीं.

२०२३ सालीं, पन्नासाव्या वर्षानिमित्त, गथ्री यांचेंच 'डॉल्बी अ‍ॅटमॉस' पद्धतीचें चौथें मिश्रण आलें. येथें प्रत्येक ध्वनीबरोबर त्याचें अवकाशांतील स्थान नोंदवितां येतें आणि घरीं जितके स्पीकर असतील त्यांवर तें स्थान यंत्र वांटून देतें. ध्वनि आतां डोक्यावरूनही येऊं शकतो.

मात्र अधिक दिशा म्हणजे अधिक आनंद, असें समीकरण मांडतां येत नाहीं. ध्वनि एका कानाला दुसऱ्यापेक्षां किंचित् आधीं व किंचित् मोठा ऐकूं येतो, त्यावरून आपण डावें-उजवें ओळखतों. पुढचें-मागचें ओळखण्यास हा भेद पुरत नाहीं. तेथें कानाच्या पाळीचा आकार व मानेची हालचाल साह्य करते. पाठीमागें अचानक कांहीं वाजलें कीं मान आपोआप वळते. म्हणून घड्याळांचा गजर पाठीमागून आला तर दचकविण्याचा हेतु साधतो. परंतु गाणाऱ्याचा गळाच मागें नेला तर श्रोता गीत सोडून स्पीकर शोधूं लागतो.

तुलना करूं इच्छिणाऱ्यांनीं प्रथम सर्व मिश्रणांचा आवाज समान करून घ्यावा, कारण जें मोठें ऐकूं येतें तें कानाला उगाच सरस वाटतें. नंतर स्पीकरांपासून सारख्या अंतरावर बसून एकच लहानसा भाग आळीपाळीनें ऐकावा. 'द ग्रेट गिग इन द स्काय' मधील क्लेअर टॉरी यांचें शब्दावांचून चाललेलें गायन ह्या कामीं उत्तम. गळा व पियानो एकमेकांना धरून आहेत कीं फुटून निघाले आहेत? नवें कांहीं ऐकूं आलें तें गीताचें अंग वाटतें कीं जोडलेला दागिना? आणि ऐकून उठल्यावर गीत स्मरतें, कीं केवळ त्याची प्रदक्षिणा स्मरते?

ह्या प्रश्नांचीं उत्तरें प्रत्येकाचीं भिन्न येतील, आणि येऊं द्यावींत. १९७३ चें स्टीरिओ मिश्रण हें मूळ म्हणून आपल्या जागीं अढळ आहे. पुढचीं मिश्रणें त्याला पदच्युत करीत नाहींत, त्याचा अन्वय लावतात. एका अन्वयानें दुसरा खोटा ठरत नाहीं. परंतु चारही ऐकल्यावर मूळ मात्र पूर्वींपेक्षां अधिक समजतें, आणि तुलनेच्या खटाटोपाचें तेवढें फळ पुरेसें आहे.