रंगवलेलं घर, ठरलेलं घर

बीड बायपासने जाताना होऊ घातलेल्या इमारतींचे फलक दिसतात. बहुतेक फोटोसारखे चकचकीत. क्वचित एखादं चित्र मात्र वेगळं असतं. रेषा किंचित थरथरलेल्या, झाडांचा हिरवा रंग पाण्यात पसरलेला. कुणी कुंचल्याने रंगवलं असावं, असं वाटतं. पण तेही बहुधा संगणकाचंच काम!

संगणकात इमारतीची त्रिमित प्रतिकृती असते. प्रत्येक कड, प्रत्येक पृष्ठभाग त्याला ठाऊक. सरळ रेषा तो मुद्दाम थोडी वाकडी काढतो, कागदाचा खरखरीतपणा आणतो, जलरंगाचे थर चढवतो. १९९७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी तर ओल्या कागदावर पाणी आणि रंग कसे पसरतात, याचंच गणित मांडलं.

फोटोसारखं चित्र काढता येत असताना हा खटाटोप कशाला? १९९६ साली जर्मनीत वास्तुविशारदांनाच हे विचारण्यात आलं. कच्च्या आराखड्यासाठी त्यांनी हाताने काढल्यासारखं चित्र पसंत केलं. कारण उघड आहे. चकचकीत चित्र म्हणतं, सगळं ठरलंय. कच्च्या रेषा म्हणतात, अजून बोला. मग गृहिणी सुचवते, ओटा खिडकीपाशी घ्या. आजोबा म्हणतात, न्हाणीघराला उंबरा नको. घर तिथे खऱ्या अर्थाने घरच्यांचं होतं.

विक्रीच्या पत्रकात मात्र तोच मऊ रंग वेगळं काम करतो. शेजारचा नाला त्यात विरघळतो, गच्चीवर बाग फुलते. खाली बारीक अक्षरांत ‘कलाकाराची कल्पना’. मी बँकेत होतो तेव्हा गृहकर्जाच्या अर्जासोबत अशी पत्रकं यायची. अर्जदार कौतुकाने चित्र दाखवायचा, आम्ही मंजूर नकाशा मागायचो. हप्ते तर वीस-वीस वर्षं भरायचे असत!

आता कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे. २०१६च्या रेरा कायद्याचं कलम १२ सांगतं की, जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर बिल्डरने भरपाई द्यावी. ग्राहकाला बाहेर पडायचं असेल, तर पैसे व्याजासह परत द्यावेत.

म्हणून पत्रक रद्दीत घालू नका. महारेराचा नोंदणी क्रमांक पाहा, संकेतस्थळावरचा मंजूर नकाशा चित्राशेजारी ठेवा. आणि चित्रातलं झाड नकाशात नसेल, तर सही करण्याआधी विचारा, ‘हे कुठे लावणार?’