नागपूरला गाडीनं जायचं म्हणजे

मुंबई राजधानी आणि नागपूर उपराजधानी. दोन्ही शहरं एकाच राज्यातली, पण नागपूरकराला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, रायपूर आणि जबलपूर तर त्याहून जवळ. १९५३ चा नागपूर करार झाला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, दर हिवाळ्यात विधिमंडळाचं अधिवेशन नागपूरला भरू लागलं. तरी ही दोन टोकं जोडणारा धड रस्ता व्हायला साठ वर्षांहून जास्त काळ गेला. तोवर नागपूरला जायचं म्हणजे विदर्भ एक्स्प्रेस किंवा सेवाग्राम एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन. घरची गाडी काढून जाणारे थोडे, आणि जे जात त्यांना आठ-पंधरा दिवस आधीपासून तयारी करावी लागे.

आमचं घर त्या थोड्यांपैकी. वडील मूळचे नागपूरचे, नोकरीनं ठाण्यात आलेले. ऐंशीच्या दशकात दारात फियाट होती आणि मे महिन्यात आजोळी जायचं ते तिच्यातूनच. बाबांची एक दोनशे पानी वही होती. तिच्यात डाव्या बाजूला गावांची नावं एकाखाली एक लिहिलेली, पुढं किलोमीटर, त्यापुढं पोचायची वेळ, आणि शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात शेरे. ‘पंप रात्री बंद.’ ‘पाणी गोड.’ ‘फाटक, अर्धा तास धरावा.’ ‘डावीकडे मेस्त्री, फियाट जाणतो.’ हे शेरे दरवर्षी वाढत. एखादा मेस्त्री गाव सोडून गेला की त्याच्यावर काट बसे.

वहीतला रस्ता धुळ्यावरून जाई. ठाणे, भिवंडी, कसारा घाट, नाशिक, चांदवड, मालेगाव आणि धुळे इथवर आग्रा रोड. धुळ्याला उजवीकडे वळलं की सुरतेहून येऊन कलकत्त्याला जाणारा तेव्हाचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक सहा. मग पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, मलकापूर, नांदुरा, खामगाव, बाळापूर, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती, तिवसा, तळेगाव, कारंजा घाडगे, कोंढाळी, आणि शेवटी वाडीचा नाका. ही सगळी गावं मला शाळेच्या भूगोलात भेटायच्या आधीच पाठ होती. आठशेच्या आसपास किलोमीटर, बहुतेक ठिकाणी एकेरी रस्ता, समोरून ट्रक आला की आपलं डावं चाक मातीत उतरवायचं. एका दिवसात हे होत नसे. मुक्काम भुसावळला किंवा मलकापूरला. नागपूरच्या मामांचा ट्रंक कॉलवर एकच निरोप असे, “रातच्याला गाडी चालवू नका, मलकापूरले मुक्काम करजा.”

सगळ्या आखणीच्या मुळाशी होतं ते ऊन. मे महिन्यात जळगाव, भुसावळ, अकोला या पट्ट्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि जुन्या फियाटला ते मानवत नसे. दुपारी एखाद्या चढावर गाडी आचके देऊन बंद पडे. इंजिनाच्या उष्णतेनं पेट्रोलची पंपातच वाफ व्हायची आणि कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोचायचं नाही. ‘व्हेपर लॉक’ हा शब्द मी तेव्हा शिकले. त्यावरचा इलाज आईकडे असे. सुती पंचा माठातल्या पाण्यात भिजवून ती बाबांच्या हातात देई, बाबा तो पेट्रोल पंपाभोवती गुंडाळत, आणि आम्ही बाभळीच्या सावलीत बसून पंचा सुकायची वाट पाहत असू. दोनदा भिजवला की गाडी सुरू होई. म्हणून पहाटे तीनला निघायचं, उजाडता कसारा घाट चढायचा, नाशिकला नाश्ता, अकराच्या आत धुळं, आणि चारपर्यंत कुठंतरी पंख्याखाली पडून राहायचं असं ते गणित. डिकीत स्टेपनी एक नव्हे, दोन. शिवाय जादा ट्यूब, फॅन बेल्ट, प्लग, जॅक, पान्हे, आणि रेडिएटरसाठी पाण्याचा कॅन.

दुसरा एक रस्ता तेव्हाही होता. घोटीवरून सिन्नर, वैजापूर, औरंगाबाद (आताचं संभाजीनगर), जालना, सिंदखेड राजा, मेहकर, कारंजा लाड, पुलगाव, वर्धा. नकाशावर तो सरळ दिसतो आणि अंतरही कमी भरतं. विदर्भातले लोक त्याला मोठ्या आशेनं ‘एक्स्प्रेस हायवे’ म्हणत. पण जालन्याच्या पुढं पंप कमी, गाडी दुरुस्त करणारे त्याहून कमी, आणि अंधार पडल्यावर दूरदूरवर दिवा नाही. बाबांच्या वहीत या रस्त्याला अर्धंच पान मिळालं होतं. आज समृद्धी महामार्ग जातो तो बहुतांशी याच बाजूनं.

नव्वदच्या दशकात मारुती आली आणि आखणी थोडी सैल झाली. गाडी तापत नव्हती, दोन स्टेपन्यांची एक झाली, गावोगावी पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. निघाल्यावर घरच्यांना कळवायची सोय झाली, ही माझ्या मते त्या दशकातली सगळ्यांत मोठी सुधारणा. आई रात्री नऊनंतर, दर कमी झाले की, बूथच्या काचेच्या खोक्यात शिरून आजीला सांगे, “भुसावळला पोचलो, सगळे जेवलो.” नंतर मोबाइल आला आणि हे फोन दर तासाचे झाले.

रस्ता मात्र त्या वेगानं सुधारला नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, नाशिकपर्यंतचा रस्ता पुढं चौपदरी झाला, अमरावती ते नागपूरही झाला. मधला खानदेश आणि वऱ्हाड तसाच राहिला. अमरावती–अकोला टप्प्यानं तर लोकांचे मणके खिळखिळे केले. चौपदरीकरण रखडलेलं, एका बाजूला उकरून ठेवलेलं, दुसऱ्या बाजूला खड्डे. नव्वद-शंभर किलोमीटरला तीन तास धरूनच निघावं लागे. याच टप्प्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा एक पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरी करून गिनीज बुकात विक्रम नोंदवला गेला. बातमी वाचून मला आनंद झाला आणि रागही आला. साडेचार दिवसांत होणाऱ्या कामासाठी वऱ्हाडातल्या माणसांना इतकी वर्षं का थांबवलं, याचं उत्तर त्या बातमीत नव्हतं.

त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. मे २०२३ मध्ये तो भरवीरपर्यंत आला, मार्च २०२४ मध्ये इगतपुरीपर्यंत, आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा सुरू झाला. एकूण ७०१ किलोमीटर, सहा पदरी, दहा जिल्ह्यांतून जाणारा. कसारा घाटाच्या वळणांऐवजी आता इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा. बोगद्यात शिरताना पावसाळ्यातली काच धूसर असते, बाहेर पडतो तेव्हा आपण घाट ओलांडलेला असतो. बाबांच्या वहीत या घाटाला दीड तास होता.

हा रस्ता उत्तम आहे, हे मी मनापासून लिहिते. नागपूरच्या माणसाला सकाळी निघून संध्याकाळी मुंबईतल्या दवाखान्यात पोचता येतं, ही विदर्भाच्या दृष्टीनं लहान गोष्ट नाही. पण त्यानं आखणी संपली असं जे म्हटलं जातं ते खरं नाही. आधी रस्ता सांभाळायचा होता, आता चालवणाऱ्याला सांभाळायचं आहे. नागपूरच्या शिवमडक्याहून निघाल्यावर तासन् तास सरळ काँक्रीट, सिग्नल नाही, गाव नाही, समोरून येणारं वाहन दुभाजकापलीकडं. जुन्या रस्त्यावर बैलगाडी, फाटक, बाजार, खड्डा असं काही ना काही माणसाला जागं ठेवत होतं. इथं पाय ॲक्सिलरेटरवर एकाच जागी राहतो, इंजिनाचा आवाज एका सुरात येतो, आणि डोळे उघडे असताना लक्ष विझत जातं. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. त्यानंतर परिवहन विभागानं वेग, टायर, चालकाची अवस्था यांच्या तपासण्या वाढवल्या. तपासणी नाक्यावर होते. झोप मात्र घरूनच घेऊन निघावी लागते.

बाबांच्या वहीत गावं होती, माझ्या यादीत माणसं आणि टायर आहेत. टायरच्या बाजूला चार आकडे एका लंबगोलात कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी रबर आतून कडक होत जातं, आणि मे महिन्यातल्या तापलेल्या काँक्रीटवर ताशी शंभरच्या वर सलग दोन तास पळाल्यावर ते उघडकीला येतं. मी हे आकडे गुडघ्यावर बसून, मोबाइलचा दिवा लावून वाचते, पाचव्या चाकाचेही. हवा टायर थंड असताना भरायची, कंपनीनं दाराच्या चौकटीवर लिहिली असेल तेवढीच.

वेगाचं गणितही एकदा कागदावर मांडून बघावं. सपाट भागात कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. ७०१ किलोमीटर सलग १२० नं गेलं तर पावणेसहा तासांच्या थोडं वर लागतात, शंभरनं गेलं तर सात. फरक सव्वा तासाच्या आतच. तेवढ्यासाठी चालवणाऱ्यानं जीव टांगणीला लावायचा, पेट्रोलही जास्त जाळायचं, हे मला कधी पटलेलं नाही. शंभरनं जावं, वाचवायचा तो सव्वा तास दोन-तीन थांब्यांवर खर्चावा. सुरुवातीला या रस्त्यावर पंप आणि स्वच्छतागृहंच धड नव्हती, अजूनही सोयी पुरेशा नाहीत. म्हणून टाकी अर्धी झाली की भरायची. विजेची गाडी असेल तर चार्जिंगच्या जागा आदल्या दिवशी बघून, त्यातली एक बंद निघेल हे धरून चालायचं. फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना, हे तर निघायच्या आधीच.

एक गोष्ट मात्र हातची गेली. समृद्धी धुळे, जळगाव, भुसावळ, अकोला यांना वळसा घालून जातो, आणि आमच्या वाटेवरची खाणीपिणीही त्या गावांबरोबर वाटेवरून गेली. जळगावचं वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी, खामगावाहून शेगावकडे वळलं की महाराजांचं दर्शन आणि गरम कचोरी, कोंढाळीच्या आसपास रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग. महामार्गावरच्या फूड मॉलमध्ये नागपूर काय नि शहापूर काय, तेच सामोसे. माझ्या मुलांना नांदुऱ्याचा उंच हनुमान ठाऊक नाही. त्यांच्या वयाला मला प्रत्येक गावातल्या थंड पाण्याची जागा माहीत होती. राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाताना मधलं राज्य दिसलंच नाही, तर त्या मुलांना खानदेश आणि वऱ्हाड बातमीतच भेटणार, तेही दुष्काळाच्या किंवा आत्महत्येच्या.

त्यावर उपाय आहे, आणि तो नव्या रस्त्यानंच दिला आहे. माळीवाड्याला उतरलं की देवगिरीचा किल्ला समोर आणि वेरूळ पुढं थोड्याच अंतरावर. सिंदखेड राजाला जिजाऊंचं जन्मस्थान, लखुजी जाधवांचा वाडा. मेहकरला उतरून लोणारचं सरोवर, उल्का पडून झालेलं, आणि गावात दैत्यसूदनाचं देऊळ. कारंजा लाडला नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. पूर्वी यातलं एकेक बघायला वेगळी सुटी काढावी लागे. आता मुंबई–नागपूरच्या वाटेवर एक मुक्काम वाढवला की होतं. आमच्या घरात तो मुक्काम आता ठरलेलाच असतो, आणि तो दर वर्षी वेगळ्या गावी.

राहता राहिलं ठाणं. आमण्याला महामार्ग संपतो आणि वडपे ते माजिवडा या टप्प्यात सातशे किलोमीटरची कमाई वाहतूक कोंडीत जाते. रुंदीकरण कधीपासून चालू आहे. नागपूरहून निघताना वेळ मी उलटी मोजते: भिवंडीत संध्याकाळी पाच ते नऊ या वेळेत सापडायचं नाही, म्हणजे एक तर पहाटे पाचला निघून दुपारी तीनच्या आत आमणं गाठायचं, किंवा वाटेत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा. रात्री निघणं हा तिसरा मार्ग बरेच जण धरतात. मी तो धरत नाही, कुणाला धरूही देत नाही.

दिवाळीत किंवा मे महिन्यात नागपूरला गाडीनं निघणार असाल, तर आदल्या दिवशी ऑफिसातून लवकर घरी या आणि रात्री साडेनऊला झोपा. चालवणारे दोघं असू द्या, दर दोन तासांनी बदला. एकटेच चालवणार असाल तर संभाजीनगरला किंवा मेहकरला मुक्काम करा, आणि नागपूरला फोन करून सांगा की उद्या जेवायला येतो.