समुद्र उबदार, जहाज गार

एप्रिलात आत्याला घेऊन मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीप करणाऱ्या क्रूझवर गेले होते. सामान भरताना तिने सुती साड्या घेतल्या, उन्हाची टोपी घेतली, आणि मी वर ठेवलेली शाल उचलून परत कपाटात ठेवली. "अगं, एप्रिलात समुद्रावर कसली आलीय थंडी?" तिचं म्हणणं मलाही पटलं. पहिल्याच रात्री जहाजाच्या नाट्यगृहात ती पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून, हात त्याच्या आत घेऊन बसली होती. मध्यंतराआधीच माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "मला जरा बाहेर ने."

जड दार ढकलून आम्ही डेकवर आलो आणि माझ्या चष्म्याच्या काचा एका क्षणात पांढऱ्या झाल्या. समोर समुद्र होता, आकाश होतं, पण मला काहीच दिसेना. चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा धुकं. काच हवेइतकी उबदार होईपर्यंत मिनिटभर हेच चाललं. जहाज आतून इतकं गार का असतं, याचं उत्तर त्या काचांवर लिहिलेलं होतं. ते मला पुढे वाचताना उमगलं, आणि तेव्हापासून ते कुणाला तरी सांगावंसं वाटतंय.

कोकम सरबताच्या गार ग्लासाला बाहेरून घाम सुटतो, तसंच माझ्या चष्म्याचं झालं होतं. हवेत पाण्याची वाफ असते आणि हवा जितकी उबदार तितकी ती वाफ अधिक पेलते. गार पृष्ठभागाला ती टेकली की पेलवेनासं होऊन पाणी सोडते. ज्या तापमानाला हे घडू लागतं त्याला दवबिंदू म्हणतात. 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू 26 अंशांच्या आसपास येतो. म्हणजे 26 अंशांहून गार असलेली कुठलीही वस्तू त्या हवेत नेली की ओली होणार. माझा चष्मा साधारण बावीस अंशांच्या दालनातून आला होता.

आता हाच हिशेब संपूर्ण जहाजाला लावून बघा. पोलादी भिंती, गालिचे, गाद्या, लाकडी कपाटं, हजारो खोल्या, आणि चहूबाजूंनी वाफेने जड झालेली हवा. ती तशीच आत येऊ दिली, तर गार पाण्याच्या नळ्या घामाने निथळतील, गालिचे कुबट होतील, छताच्या मागे बुरशी धरेल. पावसाळ्यात कोकणातल्या बंद घरात चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी चढलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. तेव्हा जहाजाला हवा आधी कोरडी करावी लागते.

हवा कोरडी करायची कशी? पिळून! खरोखर तसंच. इंजिनापाशी बसवलेली शीतयंत्रं पाणी सहा-सात अंशांपर्यंत गार करतात. ते पाणी जहाजभर नळ्यांतून फिरतं आणि बाहेरून ओढलेली हवा त्या गार नळ्यांच्या जाळ्यांवरून सोडली जाते. हवा बारा-तेरा अंशांपर्यंत उतरते आणि तिच्यातलं पाणी थेंब थेंब गळू लागतं. बाहेरच्या त्या दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण 24 ग्रॅम पाणी असतं. 13 अंशांना तिला जेमतेम 11 ग्रॅम पेलतं. उरलेलं 13 ग्रॅम तिथेच टपकतं. ही तेरा ग्रॅम वाफ पाण्यात बदलायला जितकी उष्णता काढून घ्यावी लागते, ती हवा नुसती गार करायला लागणाऱ्या उष्णतेच्या दीडपट भरते. म्हणजे यंत्राचे निम्म्याहून जास्त कष्ट वाळवण्यात जातात. आपल्याला जाणवणारा गारवा हा बहुतांशी या वाळवणीचा परिणाम आहे. पिळलेली हवा पुन्हा थोडी उबदार करून खोलीत सोडता येते, पण त्याला वेगळी ऊर्जा लागते. म्हणून ती गारच येते.

मी कागदावर एक हिशेब मांडला. जहाजांच्या वातानुकूलनासाठी आयएसओ 7547 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. माणशी दर सेकंदाला निदान 8 लिटर ताजी हवा द्यावी असं ते सांगतं. दिवसाची झाली जवळपास 690 घनमीटर. दर घनमीटरला 13 ग्रॅम धरले तर एका माणसापायी रोज सुमारे 9 लिटर पाणी हवेतून पिळलं जातं! दोन हजार माणसांच्या जहाजावर अठरा हजार लिटर, म्हणजे पाण्याचे दोन टँकर, समुद्राला हात न लावता, नुसत्या हवेतून. बऱ्याच क्रूझ जहाजांवर हे पाणी साठवून कपडे धुवायला वापरतात. केबिनमधला घडी घातलेला टॉवेल कदाचित अरबी समुद्रावरच्या वाफेत धुतलेला असतो, हे कळल्यावर मी त्या टॉवेलकडे वेगळ्याच नजरेने पाहायला लागले.

वातानुकूलनाचा जन्मही वाळवणीतूनच झाला. 1902 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत-आक्रसत होता आणि एकावर एक छापलेले रंग जागेवर बसत नव्हते. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेतली आर्द्रता ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखली, ती कागदासाठी. माणसांच्या सुखाचा विचार त्यानंतर आला.

त्याआधी दर्यावर माणसं काय करत? वारा पकडत. शिडाच्या जहाजांवर कापडाची लांब नळकांडी तोंड वाऱ्याकडे करून टांगत आणि खालच्या मजल्यांवर हवा उतरवत. आगबोटी आल्या तेव्हा डेकवर कर्ण्यासारखी वाकलेली धातूची नळकांडी उभी राहिली. जुन्या छायाचित्रांत ती हमखास दिसतात. पण लाल समुद्रात वारा जहाजाच्या पाठीमागून, जहाजाच्याच वेगाने वाहू लागला की डेकवर पान हलत नसे. प्रवासी उन्हाच्या तडाख्याने कोलमडायला लागले की कप्तान जहाज वळवून काही वेळ उलट दिशेने, वाऱ्याच्या तोंडावर नेत असत. केवळ श्वास मिळावा म्हणून आलेल्या वाटेने परत जायचं! इंग्लंड-मुंबई फेऱ्यांत जाताना डावीकडच्या आणि परतताना उजवीकडच्या सावलीतल्या खोल्या श्रीमंत लोक घेत आणि त्यावरून 'पॉश' हा शब्द निघाला, अशी एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. तिला एकही कागदोपत्री पुरावा सापडलेला नाही. तरी ती इतकी टिकली, कारण सावलीच्या खोलीची किंमत त्या वाटेने गेलेल्या प्रत्येकाला कळत होती.

आपल्याकडच्या कोकण बोटींचंही तेच. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' या बोटींनी भाऊच्या धक्क्यावरून विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत गोव्याला गेलेल्या पिढीला डेकवर अंथरलेली वळकटी आठवत असेल. तिथे वारा हीच काय ती सोय होती, आणि पहाटे तोच वारा चादर अंगावर ओढायला लावायचा.

या दोन बोटींच्या आधीच, 1931 साली, 'व्हिक्टोरिया' हे इटलीचं देखणं जहाज निघालं आणि त्याच्या पहिल्या वर्गाच्या भोजनगृहात वातानुकूलन आलं. पुढे हेच जहाज मुंबईच्याही फेऱ्या करू लागलं. एक खोली गार करण्यापासून सुरू झालेली गोष्ट आज एवढी वाढली आहे की क्रूझ जहाजावर पुढे जाण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेच्या खालोखाल ऊर्जा हवेवर खर्च होते. काही जहाजांच्या पोटात बर्फावर घसरायची रिंगणं आहेत, तीही कॅरिबियन समुद्रात.

यातला एक दुवा मला फार आवडतो. केबिनच्या छताला एक गोल, फिरवता येणारी, डोळ्यासारखी झडप असते; तिच्यातून हवेचा झोत येतो. विमानात डोक्यावर असते तीच. जहाजबांधणीच्या इंग्रजीत तिला 'पंका लूव्हर' म्हणतात. हा 'पंका' म्हणजे आपला पंखा. दोरीने ओढायचा पंखा इथे पाहिलेल्या गोऱ्यांनी तो शब्द बरोबर नेला आणि जगभरच्या जहाजांच्या छताला चिकटवला. केबिनमध्ये गार झोत थेट अंगावर येत असेल तर हा डोळा भिंतीकडे फिरवा. तो टॉवेलने बुजवू नका. हवा अडली की ओल धरते.

नाट्यगृहच सगळ्यात गार का होतं, हेही सांगायला हवं. स्वस्थ बसलेला माणूस साधारण 100 वॅट उष्णता बाहेर टाकतो. हजार प्रेक्षक म्हणजे घरातले जुने, पिवळ्या उजेडाचे हजार बल्ब एकाच दालनात पेटलेले. वर रंगमंचाचे दिवे. ती उष्णता खेचून घेता येईल एवढी गार हवा तिथे सोडावी लागते आणि प्रेक्षक येण्याआधीच दालन गार करून ठेवतात. खुर्च्या अर्ध्याच भरल्या की उरलेल्या गारठ्याला गिऱ्हाईक उरत नाही, तो आपल्याला लागतो. त्यात आपण तासभर हालचाल न करता बसलेलो. त्याच गारव्यात नाचणाऱ्याला घाम येतो.

कपड्यांची ऊब मोजायचं एक एकक आहे, 'क्लो'. 1941 साली ते ठरवलं गेलं. 21 अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला सुखावह वाटेल एवढे कपडे म्हणजे एक क्लो. अंगात कोट असलेला पूर्ण सूट साधारण तेवढा भरतो. सुती शर्ट-पँट अर्ध्या क्लोच्या आसपास. पूर्ण बाह्यांचा पातळ स्वेटर पाव क्लोची भर घालतो, आणि तेवढ्याने खोली दीड अंश उबदार झाल्यासारखी वाटते. साडीचंही मोजमाप झालं आहे. माधवी इंद्रगंटी या संशोधिकेने कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत, माणसाच्या अंगासारखा उबदार राहणारा पुतळा साडी नेसवून तपासला. तीच साडी, पण पदर कसा घेतला त्यावर तिची ऊब बदलते, असं आकड्यांत निघालं. नाट्यगृहात आत्याने पदर ओढून घेतला तेव्हा ती नेमकं हेच करत होती. वाचून मी तिला फोन केला. "मोजायला कशाला हवं," एवढंच ती म्हणाली, पण आवाजावरून खूश वाटली.

बाल्कनीची खोली मिळाली तर दार उघडं टाकून आत समुद्राची हवा घ्यायचा मोह होतो. तो आवरा. पिळून कोरड्या केलेल्या हवेत बाहेरची वाफ शिरते आणि गार भिंतींवर पाणी धरतं. अनेक नव्या जहाजांवर दार उघडताच त्या खोलीतलं वातानुकूलन आपोआप थांबतं, ते याचसाठी. बाल्कनीचं आणि खोलीचं अशी दोन्ही दारं एकदम उघडली तर वाऱ्याने दार इतक्या जोरात आपटतं की बोटं चिरडू शकतात.

आणि ज्यांच्यामुळे हा गारवा आपल्यापर्यंत येतो, ते तळाशी यंत्रांजवळ काम करतात. तिथे पारा चाळिशीच्या वर सहज जातो. या दर्यावर्दींत गोव्याची माणसं पिढ्यान् पिढ्या आहेत. तिथे त्यांना 'तारवटी' म्हणतात, आणि मुंबईत धोबीतलावच्या आसपास त्यांच्या गावागावांच्या 'कुडी' आहेत, जिथे बोट मिळेपर्यंत ते राहत आले. आपण शाल लपेटून ज्या गारव्याची तक्रार करतो, तो तयार करणाऱ्याच्या अंगाला घाम असतो. जास्तीचं पांघरूण घेऊन केबिन आवरणारा मुलगा आला की दोन शब्द त्याच्याशी आपलेपणाने बोलावेत, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा क्रूझसाठी सामान भरताना बाहेरचं हवामान पाहून जेवढे कपडे घ्याल, त्यात आतल्या हवामानासाठी थोडी भर घाला. एक पूर्ण बाह्यांचा पातळ स्वेटर, पायमोजे, वयस्कर माणसांसाठी कानटोपी. जाड एका कपड्यापेक्षा पातळ दोन बरे, डेकवर येताना एक काढता येतो. विजेचं पांघरूण, इस्त्री, किटली नेऊ नका. आगीच्या भीतीने बहुतेक जहाजांवर ती काढून घेतात. कॅमेरा बाहेर नेताना पिशवीत बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटं उबदार होऊ द्या, नाहीतर भिंगाचं माझ्या चष्म्यासारखं होईल. आणि शाल मोठ्या बॅगेत ठेवू नका. बंदरावर दिलेली बॅग खोलीच्या दाराशी यायला काही तास लागतात, आणि तुम्ही मात्र जहाजावर पाऊल टाकल्या क्षणापासून गारव्यात असता. शाल खांद्यावरच्या पिशवीत, अगदी वर ठेवा.