राजपत्रांची पारख

पेण-रोहें भागांतील जुन्या घराण्यांच्या दप्तरांत मोडी कागदांचे रुमाल आढळतात. त्यांत शिवकालीन पत्र निघालें, कीं 'महाराजांचें हस्ताक्षर' म्हणून त्याची किंमत विचारली जाते. सावधपणा हवा तो येथेंच.

त्या काळीं राजपत्राचा मजकूर बहुधा चिटणीस लिहीत. शिवछत्रपतींच्या दरबारीं हें काम बाळाजी आवजींकडे होतें. माथ्यावर शिक्का व अखेरीस मोर्तब उमटे. आजच्या सहीचें काम तीं करीत. म्हणून सहीचें पत्र खरें व बिनसहीचें खोटें, हा समज चुकीचा होय. स्वहस्ताक्षर दुर्मिळच. संभाजीराजांच्या १६८० च्या संस्कृत दानपत्रावरील आरंभींच्या ओळी त्यांच्याच हातच्या मानल्या जातात. त्याचें मोल त्यामुळें विशेष.

पारख करतांना प्रथम तारीख पाहावी. राज्याभिषेक १६७४ सालचा. त्याआधींच्या पत्रांत राज्याभिषेक शक आढळल्यास संशय घ्यावा. मग मोडीचें वळण, कागद, शाई आणि मायना तपासावा. मात्र प्रत्येक नक्कल बनावट नसते. इनामाच्या तंट्यांत पुरावा म्हणून नकला होत, आणि त्यांतील मजकूर खरा असूं शकतो.

पत्र कोणाच्या दप्तरांत, कोणत्या कागदांसोबत राहिलें, यावरही त्याचें मोल ठरतें. रुमाल फोडून एकच पत्र विकल्यास ही साक्ष नष्ट होते. पंचाहत्तर वर्षांहून जुनीं ऐतिहासिक हस्तलिखितें खासगी रीतीनें परदेशीं पाठविण्यास १९७२ च्या कायद्यानें मनाई आहे. तेव्हां सौद्यापूर्वीं अख्खा रुमाल जाणकारांस दाखवावा. पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून अशाच कागदांचा अभ्यास करीत आलें आहे.