आखाडाच्या तोंडावर फुटलेला कंठ

चार वर्षं आमच्या अंगणात कोंबडा नव्हता. २०२१ च्या जानेवारीत परभणी तालुक्यातल्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या, तपासणीत बर्ड फ्लू निघाला. १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला खरा, पण परभणीत काही घडलं की औंढ्यात आम्हाला ते शेजारच्या गल्लीत घडल्यासारखंच वाटतं. आईनं त्याच आठवड्यात खुराडं रिकामं केलं. तेव्हापासून पहाट कळायची ती देवळातल्या घंटेनं, नाहीतर मोबाइलच्या गजरानं.

२०२५ च्या महाशिवरात्रीला मावशी नागनाथाच्या यात्रेला आली ती डालग्यात खुडूक कोंबडी आणि फडक्यात गुंडाळलेली अकरा अंडी घेऊन. तो दिवस २६ फेब्रुवारी. त्याच रात्री भुसा घातलेल्या टोपल्यात कोंबडी बसवली. बरोबर एकविसाव्या दिवशी, रंगपंचमीला, नऊ पिल्लं बाहेर आली.

पहिली धांदल मानमोडीच्या लशीची. राणीखेत म्हणतात तो हाच रोग. आठवड्याच्या आत लासोटाचा एक थेंब डोळ्यात घालायचा, एवढंच काम. पण बाटली शंभर पिल्लांची, आमची नऊ, आणि एकदा कालवलेली लस ठेवून चालत नाही. मग गल्लीतली सगळी पिल्लं आमच्या ओसरीवर गोळा केली. बर्फाच्या डब्यात बाटली, आईच्या मुठीत पिल्लू, माझ्या हातात थेंबनळी. थेंब पडला की पिल्लू एकदा डोळा मिटतं. ते मिटेपर्यंत सोडायचं नाही. एक पिल्लू पुढे घारीनं नेलं. उरली आठ.

सहाव्या-सातव्या आठवड्यात पाचांचे तुरे लाल व्हायला लागले, पाय जाड झाले. तीन तलंगा, पाच कोंबडे. रंगावरून नावं पडली: तांबडा, काळा, ढवळा, काबरा आणि बांडा.

मृग निघाला आणि चार दिवसांनी, तांबडं फुटायच्या आधी, मागच्या पऱ्हाट्यांच्या ढिगावरून आवाज आला. सुरुवात ठीक, मध्येच चिरका, शेवटचा लांब सूर गायबच. मी उठून पाहिलं तर तांबडा मान ताणून उभा होता. आवाज संपल्यावर त्यानं मान आत घेतली, इकडं-तिकडं बघितलं, पुन्हा मान ताणली. आई आतूनच म्हणाली, “कंठ फुटला गं बाई त्याला.”

मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ह्या पिल्लांनी अंगणात मोठा कोंबडा पाहिलेलाच नव्हता. पण कोकिळेचं जसं, तसंच कोंबड्याचं: आरवणं शिकावं लागत नाही, ते उपजत असतं. वय झालं, अंगात नराचा रस वाढला, की गळा आपोआप ती चाल धरतो.

आठवडाभरात बाकीचेही आरवायला लागले, पण क्रमानं. आधी तांबडा, मग काळा, मग ढवळा, मग काबरा, आणि सगळ्यांत शेवटी बांडा. जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या शिम्मुरा आणि योशिमुरा या संशोधकांनी हेच तपासलंय. २०१३ मध्ये त्यांनी दाखवलं की कोंबड्याला पहाट कळते ती शरीरातल्या घड्याळानं, उजेड दिसायच्या आधीच. २०१५ मध्ये सांगितलं की कळपात जो वरचढ तो आधी आरवतो आणि बाकीचे आपापल्या पायरीनं. वरच्याला काढला तर त्याच्या खालचा सुरुवात करतो.

ते आमच्याकडं लगेचच पाहायला मिळालं. कोंबडा आरवला की गल्लीला कळतं, विकायजोगा झाला. आखाड लागला तसे लोक येऊन बसले, आईला म्हणाले, “मावशी, मरीआईला कोंबडं पाहिजे. त्यो तांबडा द्या.” हातात तोलून, छाती दाबून त्यांनी सगळ्यात भारी तोच निवडला. भाव चांगला होता, दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे काळ्यानं सुरुवात केली. पुढच्या आठवड्यात काळा गेला, तेव्हा ढवळ्यानं.

मग श्रावण आला. चार सोमवार औंढ्यात पाय ठेवायला जागा नसते, आणि चुलीवर मांस चढत नाही. महिनाभर तिघं पोटभर आरवले. पोळ्याच्या करीला ढवळा गेला, दसऱ्याआधी काबरा. उरला बांडा. सगळ्यांत बारका, सगळ्यांच्या मागून आरवणारा.

मी मांस खातो, तेव्हा कोंबडे गेल्याचं दुःख मांडत नाही. रुखरुख वेगळी आहे. अंडी एकाच अंगणातली, म्हणजे तलंगा आणि कोंबडे भावंडंच. नवं रक्त आणायचं तर कोंबड्याच्या बदल्यात दुसऱ्या गावचा कोंबडा आणावा लागतो. दिवाळीनंतर बांडा घेऊन मी एका ओळखीच्या शेतावर गेलो. त्या माणसानं त्याला उचललं, पंख उघडून पाहिला आणि परत माझ्या हातात दिला. “ह्याच्या बदल्यात माझा कशाला देऊ?” त्याचं बरोबर होतं. तांबडा असता तर त्यानं दोन दाखवले असते. आपण दरसाल सगळ्यांत तगडा नर आखाडात विकतो आणि पुढच्या पिढीचा बाप होतो तो उरलासुरला. मग गावरान कोंबडी बारीक होत चाललीय म्हणून तक्रार करतो.

मावशीला निरोप धाडलाय, या खेपेला अंडी दोन वेगळ्या घरची आण. आईनं देव्हाऱ्यातला लाल दोरा काढून खुराड्याच्या खिळ्याला अडकवून ठेवलाय. पहिला आरवेल त्याच्या पायात तो बांधायचा, म्हणजे आखाडात कुणी विचारायला आलं तरी लांबूनच दिसेल.