इसवी सन ८१ नंतर थेट २०२५ : वर्षाच्या आकड्यातला 'कापरेकर योग' काय आहे?

२०२५ साल उजाडलं तेव्हा एक मेसेज तुमच्याही व्हॉट्सअपवर आला असेल. २०२५ चे मधोमध दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज ४५. आता ४५ चा वर्ग करा. उत्तर पुन्हा २०२५!

मेसेज खरा होता. पण ज्यांच्यामुळे अशा संख्यांना नाव मिळालं, ते नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर मात्र त्यात बहुतेक नव्हते.

असं साल याआधी कधी आलं होतं?

इसवी सन ८१ मध्ये. ८ + १ = ९ आणि ९ चा वर्ग ८१. (१०० चे १० आणि ० असे तुकडे पडतात, पण नुसता शून्याचा तुकडा धरत नाहीत.) त्यानंतर तब्बल १,९४४ वर्षांनी २०२५ आलं.

तेव्हा आपलं पैठण 'प्रतिष्ठान' होतं, सातवाहनांची राजधानी. अर्थात ते साल ८१ आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. इसवी सन मोजायची पद्धत सहाव्या शतकातली.

पण हे जमतं कसं?

२०२५ म्हणजे २० शेकडे आणि वर २५. तुकड्यांची बेरीज करताना आपण २० शेकड्यांऐवजी नुसते २० धरतो. म्हणजे दर शेकड्यामागे ९९ कमी होतात. २० × ९९ = १९८०. २०२५ मधून १९८० गेले, उरले ४५.

म्हणजे वर्गातून मूळ संख्या वजा केली की उरलेल्याला ९९ ने भाग जायला हवा. इथे ती वजाबाकी ४५ × ४४ इतकी आहे. ४५ ला ९ ने भाग जातो, ४४ ला ११ ने, आणि ९ × ११ = ९९. दोन अंकी संख्यांमध्ये हे फक्त ४५, ५५ आणि ९९ यांनाच जमतं. यात शुभ-अशुभ काही नाही, साधा भागाकार आहे.

ही मालिका पुढे जाते : १, ९, ४५, ५५, ९९, २९७, ७०३, ९९९... यांनाच कापरेकर संख्या म्हणतात. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. करून बघा.

कापरेकर कोण होते?

जन्म १९०५, डहाणू. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९३० ते १९६२ देवळालीत शिक्षक. पीएचडी नाही, विद्यापीठात नोकरी नाही. त्यांचं काम अनेक गणितज्ञांना पोरखेळ वाटायचं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि नाव जगभर पोचलं. तेव्हा ते सत्तरीत होते. १९८६ मध्ये ते गेले.

पुढचा योग कधी?

इसवी सनात थेट ३०२५ मध्ये (३० + २५ = ५५), मग ९८०१ मध्ये. पण ज्याचं नाव परंपरेने पैठणशी जोडलं जातं, त्या शालिवाहन शकात २०२५ अजून यायचंय. २१०३ च्या गुढीपाडव्याला शके २०२५ सुरू होईल. आज पैठणच्या अंगणवाडीत असलेलं लेकरू तेव्हा ऐंशीच्या घरात असेल.

मेसेज तेव्हाही फिरेल. निदान त्यात कापरेकर मास्तरांचं नाव असू द्या.