बालकांचे संरक्षण : साऱ्या गावाचे कर्तव्य

वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणामुळे अनेक गावांचे पुनर्वसन झाले. गाव हलले की मुलांवर लक्ष ठेवणारा जुना शेजारही विखुरतो. ही उणीव ग्रामपंचायत, शाळा व अंगणवाडी यांनी भरून काढावयाची आहे. बालकांवरील लैंगिक अपराधांसंबंधीच्या २०१२ च्या कायद्यानुसार अशा अपराधाची माहिती वा आशंका असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. घडलेला अपराध न कळविणे हाही गुन्हाच होय. सद्हेतूने माहिती देणाऱ्यास मात्र कायद्याचे संरक्षण आहे. तेव्हा असे प्रकरण गावातच मिटविता येणार नाही. पीडित बालकाचे नाव वा छायाचित्र मोबाइलवरूनही प्रसृत करू नये. बालकांसाठी १०९८ व ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हे मदत क्रमांक शाळेत व ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळकपणे लावणे अगत्याचे आहे.